मालक कुठायत?

‘‘मॅडम, मालक मागून येतायत का?’’

हा प्रश्न मला विचारला गेला तेव्हा मी नाशिक हायवेवरच्या एका चकाचक कार शोरूममध्ये उभी होते. शनिवारची संध्याकाळ, दसरा दोन आठवड्यांवर, एसी फुल्ल. विचारणारा मुलगा तेवीस-चोवीसचा. गळ्यात टाय, हातात टॅब, केसांना जेल. मी आपलं मागे वळून बघितलं. मागे कुणीच नव्हतं. काचेचं दार होतं आणि दारापलीकडे चाकणच्या दिशेनं लागलेली ट्रकची रांग.

तर मंडळी, आपल्या मराठीत ‘मालक’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पहिला, ज्याचे पैसे तो. दुसरा, जिचे पैसे तिचा नवरा. मुलाला दुसरा अर्थ अभिप्रेत होता. मला नवरा नाही, त्यामुळे पहिल्या अर्थाची मालक मीच होते. पण हे त्याला समजावणार कसं?

‘‘मी एकटीच आलेय,’’ मी म्हटलं.

‘‘ओके ओके. म्हणजे आज नुसतं बघायला ना?’’

नुसतं बघायला म्हणे! अहो, साड्यांच्या दुकानातसुद्धा मी कधी नुसतं बघायला जात नाही, वेळ कुठाय तेवढा? कार घ्यायची म्हणून मी दोन वर्षं पैसे साठवले होते. कारण साधं आहे. कंपनीची बस शिफ्टच्या वेळेला सुटते, मीटिंग मात्र शिफ्ट बघून संपत नाही. बस चुकली की रात्री साडेआठला कुरुळी फाट्यावर हात करत उभं राहायचं, आधीच पाच जण कोंबलेल्या रिक्षात सहावं व्हायचं, आणि घरी आईला ‘निघालेय, पोचतेच’ असं तिसऱ्यांदा सांगायचं. ज्या रात्री एक गाडी माझ्यापुढे येऊन थांबली, काच खाली झाली आणि मी काही न बोलता उलट दिशेनं चालायला लागले, त्या रात्री ठरवलं. कार घ्यायची. आता.

पण शोरूममध्ये त्याचं काय! मुलानं मला गाडी दाखवली. म्हणजे काय दाखवलं? तर सन व्हायझरमागचा आरसा. मग रंग. ‘‘हा रेड लेडीजमध्ये फार चालतो मॅडम.’’ मग ‘‘ऑटोमॅटिकच घ्या, लेडीजना बरं पडतं.’’ मी ग्राउंड क्लिअरन्स विचारला. एअरबॅग किती, ते विचारलं. ऑन-रोड किमतीत आरटीओ किती, इन्शुरन्स किती आणि हे ‘हँडलिंग’ नावाचं प्रकरण काय, ते विचारलं. त्यावर तो गोड हसला. ‘‘ते आपण सर आले ना, की डिटेलमध्ये बसू.’’

कुठले सर?

डिस्काउंट विचारलं. ‘‘सीझन आहे मॅडम, वेटिंग चाललंय. मॅट्स देऊ शकेन.’’

आता या विनोदाचा खरा भाग सांगते. मी चाकण एमआयडीसीतल्या एका कंपनीत परचेसला आहे. म्हणजे माझं पोटच मुळी घासाघाशीवर भरतं. भोसरीचे व्हेंडर कोटेशन घेऊन येतात तेव्हा मी त्यांना विचारते, पत्र्याचा रेट कुठल्या महिन्याचा धरलाय, स्क्रॅपचे पैसे वजा केलेत का, ट्रान्सपोर्ट दोनदा का लावलंय? एका ब्रॅकेटमागे पन्नास पैसे सुटावेत म्हणून मी तासभर बसते, कारण वर्षाला लाखांनी ब्रॅकेट लागतात. माझ्या सहीनं जाणाऱ्या ऑर्डर कोटींत असतात. आणि इथे, माझ्या स्वतःच्या पगारातून घ्यायच्या एका गाडीबद्दल मला साधा आकडा कुणी सांगेना.

त्या मुलाला मी खलनायक करणार नाही. माझा मामेभाऊ सेल्समध्ये आहे, त्यामुळे ती बाजू मला ठाऊक आहे. महिन्याचं टार्गेट असतं, वीकेंडला गर्दी असते, आणि पहिल्या दोन मिनिटांत ओळखायचं असतं की समोरच्या घोळक्यात निर्णय कोण घेणार, पाकीट कुणाच्या खिशात आहे. दहा कुटुंबं आली तर बहुतेकांत बोलणी बाबाच करतात, हे तो रोज बघतो. मग अकरावी बाई एकटी आली की त्याला वाटतं, ही पुढे आलेली आहे, घोळका मागून येतोय. तो अंदाज करतो. प्रश्न एवढाच आहे की त्या अंदाजाचं बिल कोण भरतं?

ते मला पुढच्या शनिवारी कळलं.

पुढच्या शनिवारी मी बाबांना घेऊन गेले. बाबा पिंपरीतल्या एका कंपनीतून रिटायर झालेत. उभी हयात त्यांनी चेतकवर काढली. पुढे मी उभी, मागे आई तिरकी बसलेली, आईच्या मांडीवर भाऊ. कारचं लायसन्स त्यांच्याकडे कधीच नव्हतं. क्लच आणि ब्रेक यातला डावा कुठला, हे त्यांना आजही विचारू नका.

‘‘या काका, बसा!’’ तोच मुलगा, पण आवाज वेगळा. चहा आला. (गेल्या शनिवारी नव्हता आला.) मॅनेजर आला. ‘‘काका, कुठल्या कंपनीत होतात? अरे वा, आमचे काका पण तिथेच!’’ मायलेज, इंजिन, रीसेल व्हॅल्यू, सगळं बाबांना सांगून झालं. बाबा मान डोलावत होते. मग बाबांनी, भाजीवाल्याला म्हणतात त्याच सुरात म्हटलं, ‘‘काहीतरी कमी करा हो.’’

मॅनेजरनं कॅल्क्युलेटर बडवला आणि 15 हजार कमी केले. मॅट्स फ्री, मडफ्लॅप फ्री.

गाडी तीच. महिना तोच. सीझन तोच. वेटिंगही बहुधा तेच असणार.

बाहेर पडताना बाबा जाम खुशीत होते. ‘‘बघ, मी आलो म्हणून 15 हजार वाचले.’’ त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं हो. रिटायर झाल्यापासून माझ्यासाठी काही करायला मिळत नाही, याची त्यांना खंत असते. पण मला ते वाक्य लागलं. रागही आला, आणि कुणाचा ते कळेना. कारण बाबांचं खरंच होतं.

मी बुकिंग केलं नाही. बाबा घरी येईपर्यंत बोलले नाहीत.

हे माझ्याच नशिबात आहे की सगळीकडे असंच असतं, म्हणून शोधायला बसले. तर 1991 साली ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मध्ये इयान एअर्स नावाच्या कायद्याच्या अभ्यासकाचा एक पेपर आला होता. त्यानं शिकागो परिसरातल्या 90 कार डीलरांकडे माणसं पाठवली, गोरे-काळे, बाई-पुरुष. सगळ्यांना एकच ट्रेनिंग, घासाघीस करायची एकच पद्धत, काय बोलायचं तेही ठरवून दिलेलं. 180 च्या वर वाटाघाटी झाल्या. निकाल? गोऱ्या पुरुषाला जो शेवटचा भाव मिळाला त्यातल्या डीलरच्या नफ्यापेक्षा गोऱ्या बाईच्या भावातला नफा 40 टक्क्यांनी जास्त. काळ्या पुरुषाकडून दुपटीहून जास्त, काळ्या बाईकडून तिपटीहून जास्त. म्हणजे वाक्यं तीच, फक्त बोलणारं तोंड बदललं. हे वाचून मला बरं वाटलं की वाईट, सांगता येत नाही. पण एक कळलं. ‘मालक येतायत का’ हा प्रश्न नुसता अपमानाचा नाही. त्याची किंमत रुपयांत मोजता येते. माझ्या केसमध्ये 15 हजार, अधिक मडफ्लॅप.

आणि हे कुठे घडतं? तर आपल्या या पट्ट्यात! जिथे गाड्या बनतात तिथे.

1974 ची गोष्ट. बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी नावाच्या मुलीनं टेल्कोची जाहिरात वाचली. इंजिनीअर हवेत, पण महिलांनी अर्ज करू नये, असं त्यात छापलेलं. तिनं थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं. तिला पुण्याला मुलाखतीला बोलावलं, नोकरी दिली. याच सुधाताई पुढे सुधा मूर्ती. योगायोग बघा, त्याच 1974 मध्ये अमेरिकेत कायदा झाला, की बाई आहे किंवा लग्न झालंय-नाही झालंय म्हणून कुणाला कर्ज नाकारता येणार नाही. त्याआधी तिथल्या बँका खुशाल नवऱ्याची सही आण म्हणायच्या. म्हणजे बाईला कारखान्याचं दार आणि बँकेचं दार, दोन्ही साधारण एकाच वेळी किलकिलं झालं.

आज? 2016 मध्ये बजाजच्या चाकण प्लँटमधून पहिली डॉमिनार बाहेर पडली ती फक्त मुली काम करतात त्या असेंब्ली लाइनवरून. 400 सीसीच्या आसपासची दणकट बाइक! टाटा मोटर्सच्या पुण्यातल्या प्लँटमध्ये हॅरिअर आणि सफारी जोडणारी लाइन बायकांची आहे. सकाळी सहाच्या बसला मोशीत, भोसरीत, चिखलीत युनिफॉर्म घातलेल्या मुलींचे घोळके दिसतात ना, त्यातल्या कितीतरी जणी दिवसभर टॉर्क रेंच हातात धरून असतात. सस्पेन्शनचा कुठला बोल्ट किती आवळायचा हे त्यांना झोपेत विचारा. आणि त्याच गाडीच्या शोरूममध्ये त्यातली एखादी रविवारी साधा ड्रेस घालून गेली, तर तिला आरसा दाखवणार. सन व्हायझरमागचा.

घराचं तर याहून भारी. माझ्या ऑफिसातली मैत्रीण मोशीत वन बीएचके बघत होती. एकटी, कर्ज स्वतःच्या पगारावर. बिल्डरच्या सेल्स ऑफिसमध्ये मुलगीच होती. मैत्रिणीला वाटलं, चला, इथे तरी बरं. त्या मुलीनं तिला सॅम्पल फ्लॅटमध्ये नेलं ते थेट किचनमध्ये. ओटा दाखवला, ड्राय बाल्कनी दाखवली. मैत्रीण कार्पेट एरिया विचारतेय, महारेराचा नंबर मागतेय, पझेशनची तारीख लेखी मागतेय, आणि समोरून प्रश्न आला, ‘‘लग्न झाल्यावर या फ्लॅटचं काय करणार मॅडम?’’ बँकेत पुढचा प्रश्न, ‘‘को-अॅप्लिकंट? मिस्टर नसतील तर वडील?’’

गंमत पुढेच आहे. शेजारच्या टेबलावर एक जोडपं बसलं होतं. त्यातल्या साहेबांना सांगणं चाललेलं, ‘‘सर, फ्लॅट मॅडमच्या एकटीच्या नावावर घ्या, स्टँप ड्युटीत एक टक्का वाचतो.’’ हे बरोबर आहे. 2021 च्या महिलादिनी मांडलेल्या बजेटमध्ये राज्य सरकारनं ही सवलत जाहीर केली, त्याच वर्षी 1 एप्रिलपासून ती लागू झाली. घर फक्त बाईच्या नावावर हवं, नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. सुरुवातीला अट होती, असं घर 15 वर्षं पुरुषाला विकायचं नाही. तीही 2023 मध्ये काढून टाकली. साठ लाखांच्या फ्लॅटवर 60 हजार रुपये वाचतात, थोडेथोडके नाहीत. पण ऐकणारे होते साहेब. मॅडम मोबाइलवर बाळाला कार्टून लावून देत होत्या. म्हणजे कागदावर बाई मालक, बोलणी ‘मालकां’शी. आणि जिला ती सवलत खरोखर स्वतःसाठी घ्यायची होती, तिला मात्र ती कुणी सांगितलीच नाही. तिनं शेजारच्या टेबलावरून ऐकली!

तर मी काय केलं? रविवारी रात्री लॅपटॉप उघडला आणि जे ऑफिसात रोज करते तेच केलं. एन्क्वायरी काढली. मॉडेल हे, व्हेरिअंट हे, रंग पांढरा. एक्स-शोरूम, आरटीओ, इन्शुरन्स, हँडलिंग, अॅक्सेसरीज, प्रत्येक आकडा वेगळ्या ओळीत द्या. कॅश डिस्काउंट वेगळा, कॉर्पोरेट डिस्काउंट वेगळा लिहा. इन्शुरन्स मी बाहेरून घेतला तर किंमत किती, तेही द्या. पिंपरी-चिंचवड आणि पुण्यातल्या चार डीलरांना एकच मेल. खाली इनिशियल, आडनाव, हुद्दा आणि कंपनीचं नाव.

मंगळवारपर्यंत चारही उत्तरं आली. चारही ‘डिअर सर’नं सुरू होत होती.

सरांना बरेच चांगले भाव मिळाले. सगळ्यात कमी कोटेशनमध्ये 22 हजार डिस्काउंट होता. 15 हजार सगळ्यांसाठी असलेला आणि 7 हजार माझ्या कंपनीच्या नावावरचा कॉर्पोरेट. पहिल्या शोरूममध्ये हा कॉर्पोरेट डिस्काउंट मला का नाही मिळाला? कारण मी कुठे नोकरी करते, हे तिथे कुणी विचारलंच नव्हतं. बाबांना विचारलं होतं, आणि बाबा रिटायर्ड. आणि वरचे 15 हजार आठवतायत? तेच ते, बाबांनी ‘वाचवलेले’. ते मुळात सगळ्यांसाठीच होते.

कोटेशनची प्रिंट घेऊन त्या शोरूमला गेले. रिसेप्शनवरच्या मुलानं कागद बघितला, मला बघितलं, मग माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. ‘‘सर पार्किंगमध्ये आहेत का?’’

‘‘सर मीच,’’ मी म्हटलं. आकडे कागदावर होते. बदलणार कसे?

म्हणून मैत्रिणींनो, एकच सल्ला. मोठी खरेदी तोंडी करू नका, कागदावर करा. माणूस तुमच्याकडे बघून भाव ठरवतो. त्याला बघायची संधी द्यायच्या आधीच भाव लिहून घ्या. चार ठिकाणचे घ्या, प्रत्येक आकडा वेगळा मागा, आणि आपण कुठे काम करतो हे त्यांनी विचारलं नाही तरी आपणच सांगा.

इथे थांबले असते तर फार छान दिसलं असतं. पण खरं सांगायचं तर त्याच आठवड्यात माझ्या टेबलासमोर भोसरीचे एक व्हेंडर आले, सोबत एक तरुण मुलगी. डायमध्ये बर का येतोय, हे मी विचारलं. कुणाकडे बघून? त्या मालकांकडे बघून. तेच शांतपणे म्हणाले, ‘‘मॅडम, हे यांना विचारा. डाय यांनीच डिझाइन केलाय.’’ मुलगी काही म्हणाली नाही. वहीतलं ड्रॉइंग माझ्याकडे वळवलं आणि बोलायला लागली. तिला सवय असावी. मी तिला कोटेशन आणायला आलेली असिस्टंट समजले होते, हे मी तिला सांगितलं नाही. आता इथे सांगतेय.

असो. दसऱ्याला गाडी आली. झेंडूचा हार, नारळ, पुठ्ठ्याची मोठ्ठी किल्ली, सगळं झालं. फोटोग्राफर म्हणाला, ‘‘काका, किल्ली धरा.’’ बाबांनी सवयीनं हात पुढे केला, मग माझ्याकडे बघितलं आणि किल्लीचं एक टोक धरलं. फोटोत किल्ली आम्हा दोघांच्या हातात आहे. आईला चष्म्याच्या काचेत फ्लॅश आलाय.

फॉर्मवर दुसरा मोबाइल नंबर म्हणून बाबांचा दिला होता. झालं, शोरूमला तोच पहिला वाटला. महिन्याभरानं पहिल्या सर्व्हिसिंगसाठी फोन आला तो बाबांना. मी नव्हते, आईनं सांगितलं. पलीकडून मुलगी विचारत होती, सर, गाडी कशी चाललीय, सर्व्हिसिंगला कधी आणताय.

बाबा म्हणाले, ‘‘मला नका विचारू. मालक कामावर गेलीय. सातनंतर करा.’’